शेवटच्या पत्राआधीची पत्रे

रोहित वेमुलाची दोन पत्रे आहेत. त्यांतले एक आपण सगळ्यांनी वाचले आहे. ते १७ जानेवारी २०१६ चे, हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातले. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याची इच्छा, थकलेली पाठ्यवृत्ती, आपल्या जाण्याला कोणालाही जबाबदार धरू नये ही विनंती. या पत्राची देशभर भाषांतरे झाली, सभांमधून जाहीर वाचने झाली, त्याला उद्देशून कविता लिहिल्या गेल्या. साहित्याच्या वर्गात ते एक ‘संहिता’ म्हणून शिकवले जाते. मीही शिकवले आहे.

दुसरे पत्र त्याआधीचे आहे. १८ डिसेंबर २०१५ चे, हाताने लिहिलेले, कुलगुरूंना उद्देशून. त्यात दलित विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच मरणाची सोय करून द्यावी, अशा अर्थाची मागणी आहे. अर्जाची भाषा, अर्जाचा घाट आणि आत धगधगता उपरोध. या पत्रानंतर बरोबर तीस दिवसांनी रोहित गेला. मधल्या काळात तो आणि त्याचे चार सहकारी वसतिगृहातून बाहेर काढले गेले होते आणि उघड्यावर तंबू ठोकून राहत होते. डिसेंबरच्या पत्राची मोठी चर्चा झाली ती त्याच्या मृत्यूनंतर, आणि तीही पुरावा म्हणून. साहित्याच्या वर्गात ते शिकवलेले मी अजून पाहिलेले नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय हे पहिले पत्र आहे. किंवा अधिक नेमके सांगायचे तर, अशा पहिल्या पत्रांचे वाचन. विद्यार्थ्याच्या आत्महत्येविषयी बातमी देताना, चित्रपट काढताना, लेख लिहिताना आपली नजर शेवटच्या मजकुरावर खिळलेली असते. आधीचा मजकूर आपण वाचत नाही. वाचलाच तर तो भलत्या प्रकारात टाकून वाचतो. उपरोध म्हणून, आळस म्हणून, गंमत म्हणून, ‘नाटकं’ म्हणून. साहित्यप्रकार ओळखण्यात झालेली ही गफलत आहे, आणि तिची चर्चा मानसोपचारतज्ज्ञांइतकीच समीक्षकांनीही करायला हवी असे मला वाटते.

सुरुवात वृत्तपत्रांपासून करू. मराठी बातमीत अशा मृत्यूचा एक साचा आहे. ‘टोकाचे पाऊल उचलले’, ‘राहत्या घरी’, ‘जीवनयात्रा संपवली’, ‘कारण अद्याप समजू शकले नाही’, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘अभ्यासात हुशार व मनमिळाऊ स्वभावाचा होता’. कारण समजले असेल तर ते मथळ्यातच येते, आणि ते एकच असते. नापास झाल्याने. मोबाइल काढून घेतल्याने. प्रेमप्रकरणातून. ‘ने’ आणि ‘तून’ हे प्रत्यय इथे फार मोठे काम करतात. एका माणसाचे अख्खे आयुष्य ते एका कारणाला जोडून मोकळे होतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारीही याच व्याकरणाने चालते. एक मृत्यू, एक कारण, एक रकाना. २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांत १,७६४ नोंदींसह महाराष्ट्र पहिला होता. आता याच अहवालातला ‘परीक्षेतील अपयश’ हा रकाना पाहावा. सर्व वयांचे मिळून त्यात दोन हजारांच्या थोडे पुढे मृत्यू आहेत. ते सगळेच्या सगळे विद्यार्थ्यांचे धरले तरी पाचातला एकही होत नाही. म्हणजे ज्या गोष्टीला आपण विद्यार्थ्याच्या आत्महत्येची गोष्ट म्हणून ओळखतो, जून महिन्यातला निकाल आणि बंद खोली, ती पोलिसांच्या नोंदीनुसारही या मृत्यूंचा लहान भाग आहे. उरलेल्यांची गोष्ट आपल्याकडे जवळजवळ नाहीच.

चित्रपटांनी ही कसर भरून काढली असे म्हणता येत नाही. डिसेंबर २००९ मध्ये ‘थ्री इडियट्स’ आला आणि पाठोपाठ जानेवारी २०१० मध्ये महेश मांजरेकरांचा ‘शिक्षणाच्या आयचा घो!’. त्याच जानेवारीत मुंबईत आणि राज्यात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या ओळीने येत होत्या आणि चित्रपटाला दोष द्यायचा की परीक्षेला, यावर वाहिन्यांवर चर्चा झडत होत्या. मला त्या चर्चेपेक्षा ‘थ्री इडियट्स’मधला जॉय लोबोचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. जॉयला प्रकल्पासाठी मुदतवाढ नाकारली जाते. रँचो त्याचे अर्धवट उडते यंत्र गुपचूप दुरुस्त करतो, मित्रांना घेऊन ते जॉयच्या खिडकीशी उडवतो, आणि यंत्रावरच्या कॅमेऱ्यातून जॉय गेल्याचे कळते. प्रसंग परिणामकारक आहे यात शंका नाही. पण त्यात काय घडते ते नीट पाहावे. यंत्र दुरुस्त होते. मुलाशी कोणी बोलत नाही. आधार देणे म्हणजे त्याची अडचण सोडवून देणे, तीही त्याला न विचारता, आश्चर्याची भेट म्हणून, असा समज पटकथेत बेमालूम मिसळलेला आहे. त्यानंतर रँचो प्राचार्यांना खुनी ठरवतो आणि प्रेक्षकाला खलनायक मिळतो. खलनायक मिळाला की बाकीचे सगळे निर्दोष सुटतात. शेजारच्या खोलीतली मुलेसुद्धा.

गंमत अशी की याच चित्रपटात उत्तरही आहे, पण ते आपल्या लक्षात राहत नाही. पुढे राजू मरणाच्या दारातून परत येतो तेव्हा मित्र त्याच्या खाटेशी बसून राहतात, बडबडतात, खोट्यानाट्या बातम्या सांगतात, त्याला एकटे सोडत नाहीत. तिथे कोणतेही यंत्र दुरुस्त होत नाही. हिंदीतल्या ‘छिछोरे’ने (२०१९) हा रुग्णालयातला भागच पूर्ण चित्रपटाएवढा ताणला. मुलाच्या खाटेशी बाप आणि त्याचे जुने मित्र आपल्या हरण्याच्या गोष्टी सांगत बसतात. चित्रपट म्हणून तो बराच ढिला आहे, पण गोष्ट सांगणाऱ्याची जागा त्याने बरोबर हेरली. मात्र मुलगा रुग्णालयात पोहोचण्याआधीचे महिने तिथेही रिकामेच आहेत.

ते आधीचे महिने मराठीत कुठे सापडतात? माझे उत्तर बहुधा अनपेक्षित वाटेल. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३).

पांडुरंग सांगवीकर आत्महत्या करत नाही. त्याला रुग्ण ठरवण्याचाही माझा इरादा नाही. तसे करणे हा कादंबरीवर अन्याय होईल. पण खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला एक मुलगा हळूहळू कसा खचत जातो, याची इतकी बारीक नोंद मराठीत दुसरी नाही. सुरुवातीला तो प्रत्येक गोष्टीत आहे. गॅदरिंगमध्ये आहे, मेसच्या कारभारात आहे. मग हिशेबात खोट येते, घरच्या पैशांवरून ताण येतो, धाकटी बहीण मनी देवीने जाते, अभ्यासाचा धागा तुटतो, परीक्षा हातची जाते आणि तो सांगवीला परततो. यात ‘कारण’ नावाची एकच गोष्ट काढून दाखवा. निघत नाही. नोंद विभागाच्या कोणत्याही रकान्यात हा मुलगा मावत नाही.

आणि हे सगळे आपण हसत वाचतो. वसतिगृहांतल्या कितीतरी पिढ्यांनी ‘कोसला’ खो-खो हसत वाचली आहे. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ या पांडुरंगच्या लकबी मुलांच्या तोंडी बसल्या आणि त्यांची नक्कलही भरपूर झाली. समीक्षेने त्या लकबींना बंडखोर शैली म्हटले, पांडुरंगच्या अवस्थेला परात्मता म्हटले, अस्तित्ववाद म्हटले. ते चूक नाही. पण ‘वगैरे’ हा शब्द काय करतो ते पाहावे. जिथे वाक्याने दुखऱ्या जागेवर बोट ठेवायला हवे, नेमके तिथे तो वाक्य बंद करतो. पुढचे विचारू नका, असे तो हसून सांगतो. मनीच्या मृत्यूपाशी हा खट्याळ आवाज एकाएकी बदलतो तेव्हाच आपल्याला कळते की तो आतापर्यंत काय पेलत होता. पांडुरंगच्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना मात्र फक्त गमतीदार सांगवीकर दिसत असणार.

‘कोसला’ मला इथे उपयोगी पडते ती या कारणाने. खचलेला विद्यार्थी खचल्यासारखा बोलत नाही. तो वर्गातल्या सगळ्यांत विनोदी मुलाच्या भाषेत बोलू शकतो.

आता आपल्या बोलण्याकडे वळू. मराठीत मरणाची अतिशयोक्ती रोजची आहे. ‘मेलो रे’, ‘मरू दे ना’, ‘जीव नकोसा झालाय’, ‘आई मारून टाकेल’. परीक्षेच्या आठवड्यात वसतिगृहाच्या जिन्यावर उभे राहिले तर ही वाक्ये दहा मिनिटांत दहा वेळा ऐकू येतील. मग धोक्याचे वाक्य ओळखायचे कसे? शब्दावरून ओळखता येत नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. ओळखायचे असते ते शैलीतल्या बदलावरून. रोज ‘मेलो मेलो’ करणारा एकदम गप्प झाला तर. कधीच न करणारा एके दिवशी शांतपणे ‘कंटाळा आलाय सगळ्याचा’ म्हणाला तर. (‘कंटाळा’ या शब्दावर एक स्वतंत्र निबंध लिहायला हवा. तज्ज्ञ ज्याला नैराश्य म्हणतात ते मराठी मुले बहुतेकदा ‘कंटाळा’ म्हणतात, नाहीतर ‘बोअर होतंय’.) ‘आता तुम्हाला माझा त्रास होणार नाही’, ‘पुढच्या वर्षी मी नसेनच’, ‘माझ्यामुळे घरच्यांना ओझं’ ही वाक्ये विनोदाच्या सुरात आली तरी विनोद म्हणून सोडायची नसतात. त्यांच्या जोडीला इतर गोष्टी असतात. झोपेची वेळ उलटीपालटी होणे, जेवण सुटणे, मित्रांना टाळणे, आवडत्या गोष्टीतून अंग काढून घेणे, दारू वाढणे, जपलेल्या वस्तू वाटून टाकणे. आणि कधीकधी, बरेच दिवसांच्या तगमगीनंतर, अचानक आलेली शांतता. ही शेवटची खूण सगळ्यांना फसवते, कारण घरच्यांना वाटते, पोरगा सावरला.

यांतली कोणतीही खूण एकटी घेऊन निदान करू नये. परीक्षेच्या काळात झोप सगळ्यांचीच उडते. पण वाचक ज्याप्रमाणे एखाद्या लेखकाच्या दहा कथा वाचून अकरावीत काहीतरी बिनसल्याचे ओळखतो, तसे ओळखण्यासाठी आधीच्या दहा वाचलेल्या असाव्या लागतात. शंभर-दीडशेच्या वर्गात शिक्षक हे कसे करणार, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही.

एक अनुभव सांगते. मुलाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, वसतिगृहात राहणारा. निबंध लिहायला सांगितला की पुरवण्या जोडणारा. दिवाळीनंतर त्याचे निबंध आखडत गेले. चार पाने, दोन पाने, मग अर्धे पान, पण अक्षर मात्र पूर्वीपेक्षा नीटनेटके. एके दिवशी तो माझी पाच पुस्तके परत घेऊन आला. सगळ्यांना नवी कव्हरे घातलेली. त्यांतली दोन मी त्याला भेट दिलेली होती.

“अरे, ही तर तुलाच दिली होती.”

“राहू द्या मॅडम. तुमच्याकडे नीट राहतील.”

मी दार लोटून घेतले आणि त्याला सरळ विचारले, “जीव द्यायचा विचार येतोय का मनात?”

तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “रोज.”

हा प्रश्न विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती बहुतेक शिक्षकांना आणि पालकांना वाटते. अभ्यास तसे सांगत नाहीत. थेट आणि आपुलकीने विचारल्याने धोका वाढल्याचे त्यांत दिसलेले नाही, उलट बोलणाऱ्याला मोकळीक मिळते. म्हणून शब्द सरळ असावा. ‘काही वेडावाकडा विचार तर करत नाहीस ना?’ या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आधीच भरलेले असते आणि मूल ते आज्ञाधारकपणे परत देते. विचारल्यानंतरचे काम ऐकण्याचे. ‘असं बोलू नये’, ‘आईवडिलांचा विचार कर’, ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत मुलं शिकतात’ ही आपली ठेवणीतली वाक्ये त्या वेळी तोंडात येतात. ती गिळावी लागतात. गुपित ठेवण्याचे वचन मात्र देऊ नये. मी त्याला म्हणाले, “हे मी एकटी सांभाळू शकत नाही, आणि तूही नको सांभाळूस.” त्याच्यासमोरच त्याच्या खोलीतल्या सोबत्याला बोलावले, त्याने सुचवलेल्या मावशीला फोन केला. खोलीत जिवाला धोका होईल असे काही हाताशी राहणार नाही, हे सोबत्याने पाहिले आणि त्या रात्री त्याला कोणी एकटे सोडले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही चालते. पुढच्या काही आठवड्यांत रात्री-बेरात्री तिचाही आधार झाला. घरची उचल, मेसचे थकलेले पैसे, मोठ्या भावाचे आजारपण, आपण शिकत बसलोय याची लाज, हे सगळे हळूहळू बाहेर आले. परीक्षेचा विषय त्यात फारसा नव्हताच.

गोष्टींचा परिणाम होतो का, हा प्रश्न जुना आहे. गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी १७७४ मध्ये आली आणि तिच्या अनुकरणाच्या भीतीने लाइपत्सिगमध्ये तिच्यावर बंदी आली. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे दाखवून त्याला ‘वेर्थर परिणाम’ असे नाव दिले. याची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी ऑस्ट्रियन वृत्तपत्रांचा अभ्यास करून मांडले की जीव देण्याचा विचार मनात येऊनही माणूस त्यातून कसा बाहेर आला, अशा बातम्यांचा संबंध आत्महत्या घटण्याशी दिसतो. त्यांनी याला ‘पापागेनो परिणाम’ म्हटले. पापागेनो हे मोझार्टच्या ‘जादूची बासरी’ या संगीतिकेतले (१७९१) पक्षी पकडणारे विनोदी पात्र. तो हताश होऊन जीव द्यायला निघतो तेव्हा तीन मुलगे येतात आणि तुझ्याजवळची घंटी वाजव, असे सुचवतात. ते त्याला नवे काही देत नाहीत. त्याच्याच जवळच्या वस्तूची आठवण करून देतात. आणि तिथे येतात ती मुले, पुरोहित किंवा राजा नव्हे. वसतिगृहात पहिला वाचक सोबत्याचाच असतो, हे तिथेही खरे आहे.

या साऱ्या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. खुणा ओळखा, आधार द्या, समुपदेशकाकडे पाठवा, या भाषेत अन्यायाचे रूपांतर आजारात होते. पाठ्यवृत्ती थकवायची, वसतिगृहातून काढायचे आणि मग मन सांभाळायला शिकवायचे. रोहितच्या डिसेंबरच्या पत्राला समुपदेशन हे उत्तर नव्हते. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तिला होणाऱ्या छळाबद्दल आपण आधीच तक्रार केली होती, असे तिच्या आईने सांगितले आहे. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या उच्चशिक्षणातल्या जातिभेदाविरुद्ध दाद मागायला. हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून खुणा वाचण्याची गरज कमी होत नाही, वाचनाची व्याप्ती वाढते. तक्रार अर्ज हीसुद्धा खूण असते. थकलेल्या पाठ्यवृत्तीचे स्मरणपत्र हीसुद्धा. ती वाचायची जबाबदारी कुलसचिवांच्या टेबलावर येते, आणि तिथे ती ‘आवक’ म्हणून शिक्का मारून पुढे जाते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक असावा, आणि धोक्याच्या खुणा ओळखण्याचे प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा द्यावे. प्रशिक्षण कोणाला, तर शिक्षकांबरोबर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही. बहुतेकांनी हा तपशील घाईत वाचला असावा. माझ्या मते त्यात सर्वांत अधिक समज आहे. मुलाला रोज पाहणारी माणसे वर्गात नसतात. ग्रंथालयातला शिपाई असतो, वसतिगृहाचा रखवालदार असतो, मेस असते.

आमच्या महाविद्यालयाजवळ एक काकू मेस चालवतात. कोणत्या मुलाचे किती खाडे झाले, हे त्या रोज वहीत मांडतात, कारण महिनाअखेर तेवढे पैसे वळते करावे लागतात. त्या वहीत सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक असे दोन रकाने असतात, नावापुढे फुल्या असतात आणि गावी गेलेल्यांपुढे ‘गाव’ असे लिहिलेले असते. गेल्या वर्षापासून विभागातले आम्ही दोघे दर आठवड्याला ती वही बघून येतो. ‘गाव’ न लिहिता सलग चार फुल्या दिसल्या की कोणीतरी त्या मुलाच्या खोलीवर जाऊन येते. बहुतेक वेळा तो झोपलेला असतो किंवा बाहेर वडापाव खाऊन आलेला असतो, आणि आपल्याला कशाला शोधायला आले म्हणून चिडतो.